काशीला सोडलेलं दूध आणि माझे पाय

एकच चप्पल

शहागंजातून भाजी घेऊन मी सिटी बसनं घरी आले. दारात चप्पल काढली, पिशवी ओट्यावर ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि पंख्याखाली टेकले. तेवढ्यात शेजारच्या मंगलताई कोथिंबीर मागायला आल्या आणि उंबऱ्यातच ओरडल्या, "अगं बाई, हे रक्त कुणाचं?"

दारापासून ओट्यापर्यंत फरशीवर लाल ठसे उमटले होते. एकाच पायाचे. मंगलताईंनी दाराबाहेर बघितलं तर तिथं माझी एकच चप्पल. मी दोन्ही काढल्या असं मला वाटलं होतं. उजवी कुठं निसटली, बाजारात, बसमध्ये का स्टॉपपासून चालताना, हे मला आजही सांगता येत नाही. टाचेत काच रुतली होती. मंगलताईंनी तोंड फिरवून ती ओढून काढली आणि मी बघत बसले. दुखलं नाही. खरं सांगते, भीतीसुद्धा वाटली नाही. चप्पल नवी होती, तिचंच वाईट वाटलं.

ही गोष्ट जुनी आहे. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे आणि सिडकोत आमच्या घरासमोर अजून मोकळं रान होतं. हल्ली भजनी मंडळातल्या दोघीतिघी पायाला मुंग्या येतात म्हणून माझ्याकडं येतात. प्रत्येकीला तेच तेच सांगून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. मला माझे पाय तेवढे माहीत आहेत, आणि तेही पुरते नाहीत.

रक्त कमी हाय

चप्पल हरवायच्या आधी कितीतरी महिने मी दमत होते. पोळ्या लाटता लाटता खाली बसावं लागायचं. जिना चढले की काळीज धडधडायचं. तोंड आलेलं असायचं, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत. मराठवाड्यातल्या बाईला मिरचीचा ठेचा चालेना म्हटल्यावर घरच्यांना कळायला पाहिजे होतं की काहीतरी बिनसलंय. पण आमचे हे म्हणाले, "रक्त कमी हाय. बीट खा."

मग बीट सुरू झालं. बिटाची कोशिंबीर, बिटाचा रस, बिटाची पोळी. नणंदेनं खजूर पाठवला, मंगलताईंनी गूळ-शेंगदाण्याचे लाडू दिले. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्या मी इमानेइतबारे खाल्ल्या. तोंडावर पिवळी झाक आली तर कुणीतरी म्हणालं कावीळ आहे, मग त्याचंही औषध झालं. ज्याला विचारावं त्याच्याकडं इलाज तयार. फरक शून्य.

त्यातच पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. त्या वर चढत होत्या आणि त्यांच्या मागून बधिरपणा. आधी बोटं, मग तळवे, मग पार नडग्या. पुढं हाताची बोटंही जाड जाड वाटायला लागली, साडीच्या निऱ्या हातात येईनात. डोळे मिटून तोंड धुवायला वाकले की तोल जायचा. एकदा न्हाणीघरात बादलीत हात घातला आणि दोन तांबे पायावर ओतून घेतले. पाणी कढत होतं. फोड दुसऱ्या दिवशी आले तेव्हा कळलं.

या फोडांनी मात्र मला जागं केलं. माझी लेक वैशाली कन्नडला दिलेली. तिला सहावा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमची रीत. बाळंतपण करायचं म्हणजे मी पाटावर पाय लांब करून बसायचं, बाळाला नडग्यांवर घ्यायचं आणि न्हाऊ घालायचं. माझ्या आईनं मला तसं घातलं, मी वैशालीला तसं घातलं. आता ज्या बाईला आपल्याच पायावर पडलेलं कढत पाणी कळत नाही, तिच्या पायावर बाळ कोण देणार?

हे मी कुणालाच बोलून दाखवलं नाही. पण काच रुतून आलेलं रक्त बघितल्यावर ह्यांनी माझं काही ऐकलं नाही. रिक्षा बोलावली आणि मला थेट मोठ्या दवाखान्यात नेलं.

मला कुणी विचारलंच नाही

डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी आधी वय विचारलं. आमच्या आईनं माझं वय कधी आकड्यात सांगितलं नाही, "पोलीस ॲक्शन झालं तवा तू रांगत होतीस," एवढंच सांगायची. मी तेच सांगितलं. डॉक्टरांनी हिशेब करून काहीतरी लिहिलं आणि पुढचं सगळं माझ्याऐवजी ह्यांना विचारलं.

"जेवणात काय असतं?"

"माळकरी आहोत साहेब. मांस-मच्छी नाय."

"अंडं?"

"शिव शिव!"

"दूध?"

इथं ह्यांची छाती फुगली. "दुधाला कमी नाय साहेब! पाचोडला गावाकडं आमच्या दोन म्हशी हायेत. रोज सकाळच्या एसटीनं कॅन येतो. चहाला पाणी लागत नाय आमच्यात."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी स्टुलावर गप्प बसले होते. नवरा चारचौघांत घराची इभ्रत सांगत असताना 'मी नाही पीत' असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. घरात दुभतं आहे म्हणजे घरातली बाई दूध पिते, असं त्यांनी धरलं. आणि दुधाचा आजाराशी संबंध असेल हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

मग त्यांनी एक लोखंडी चिमटा ठणकन वाजवून माझ्या अंगठ्याला टेकवला. "थरथर कळते?"

"कसली थरथर?" मी विचारलं.

डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मी मिटले आणि ह्यांच्या अंगावर पडले. डॉक्टरांची घाई तिथं संपली. रक्त तपासलं, पेशी नको तेवढ्या मोठ्या दिसतात म्हणाले, भरती करून घेतलं. रक्ताचा काही मोठा आजार नाही ना, हे बघायला हाडातलं रक्त काढावं लागेल, असं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. हे परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "कायबी नाय," म्हणाले, आणि माझी पिशवी उगीच उघडून परत बंद केली.

कॅन्सर हा शब्द आमच्यात कुणी उच्चारला नाही. मला तो कळला होता. रडावं असं वाटायला पाहिजे होतं, पण आतून काही हललं नाही. मी वॉर्डाच्या छताकडं बघत पडले आणि पंख्याची पाती पुसायला कुणाला तरी सांगावं, एवढाच विचार मनात आला.

काशीची गोष्ट

दुधाचं इथं सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सासरे वारल्यावर आम्ही दीर-जावांसकट गयेला पिंडदान करायला गेलो आणि तिथून काशीला. काशीला गेलं की आपली एक आवडती वस्तू सोडायची, म्हणजे जन्मात परत खायची नाही, अशी रीत आहे. घाटावरच्या गुरुजींनी एकेकाला विचारलं. दीर म्हणाले, सुरण. जाऊबाई म्हणाल्या, कारलं. कारल्याचा वास आला तरी ही बाई नाकाला पदर लावते! आमचे हे डोळे मिटून, हात जोडून, मोठ्या भक्तिभावानं म्हणाले, "फणस."

माझं डोकंच सणकलं. "पाचोडात फणसाचं झाड दाखवा मला! कधी खाल्लाय तुम्ही फणस?"

"देवाला काय माहीत पाचोडात काय पिकतं," हे हळूच म्हणाले.

"एवढ्या लांब येऊन देवाला टोप्या घालता? गुरुजी, माझं दूध. दूध, दही, ताक, तूप, खवा, सगळं."

जाऊबाई माझा पदर ओढत होत्या, "अगं, तूबी कारलं म्हण की!" पण मी पाण्यात उतरले होते आणि तोंडातून शब्द गेला होता. मी म्हशीच्या धारेखाली वाढलेली बाई, सायीवाचून भाकरी खात नव्हते. रागाच्या भरात सोडलं आणि मग हट्टानं पाळलं. कोजागिरीला सगळ्या बाया मसाल्याचं दूध पीत, मी हात जोडत असे, आणि कुणीतरी कौतुकानं म्हणायचं, "त्यांनी काशीला सोडलंय हो." ते ऐकायला मला बरं वाटायचं. का वाटू नये? आठ-नऊ वर्षं कोरा चहा प्यायले मी.

वॉर्ड

वॉर्डात सकाळी सकाळी झाडू, मग फिनाइलचा वास, मग दूध आणि उकडलेलं अंडं घेऊन गाडी यायची. माझं दोन्ही मी शेजारच्या खाटेवरच्या जनाबाईंना देत असे. त्या सोयगावच्या, वयानं मोठ्या, दम्यानं बेजार. पण खायला खंबीर.

हाडाची तपासणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. कमरेत सुई घातली होती ती जागा चांगलीच ठणकत होती. तिथं मला सगळं कळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दुखण्याचं मला बरंच वाटलं. डॉक्टर राउंडला आले आणि जनाबाईंच्या टेबलावर दोन पेले, दोन अंडी बघून थांबले.

"आजी, डबल खुराक?"

"हिचं हाय," जनाबाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "ही अंडं खात नाय, दूध पेत नाय. काशीला सोडलंय म्हणं. माझं काय जातंय?"

डॉक्टर माझ्याकडं वळले. "दूध पीत नाही तुम्ही?"

"नाही."

"दही? ताक?"

"काहीच नाही."

"किती वर्षं झाली?" मी सांगितलं. त्यांचा आवाज चढला. "अहो, मग हे मला सांगायचं कुणी?"

"तुम्ही मला विचारलं कुठं?" माझाही चढला. "तुम्ही ह्यांना विचारलं! ह्यांनी म्हशींचं सांगितलं. म्हशी देतात की दूध."

जनाबाई खो खो हसल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. सिस्टर तोंड फिरवून उभ्या राहिल्या. डॉक्टर माझ्या खाटेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "चुकलं माझं. आता तुम्हालाच विचारतो."

त्या दिवशी त्यांनी सगळं मला विचारलं आणि सगळं मला सांगितलं. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं. ते मांस-मच्छी, अंडी नाहीतर दूध-दुभत्यातून मिळतं. भाजी-भाकरीत नाही, बिटात तर नाहीच. साठा संपायला वर्षं लागतात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. ते संपलं की रक्त नीट बनत नाही आणि नसा सुकायला लागतात.

"मग आता दूध प्यायचं का?" मी विचारलं.

"नुसत्या दुधानं आता भागायचं नाही. इंजेक्शनं घ्यावी लागतील. रक्त लवकर भरून येईल. नसांचं मी सांगू शकत नाही. उशीर झालाय. येईल तेवढं येईल."

कॅन्सर नव्हता. हे ऐकून ह्यांनी व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले. मी मात्र 'येईल तेवढं' या दोन शब्दांवरच अडकून पडले.

लाल इंजेक्शन

इंजेक्शन लालभडक रंगाचं असायचं. जनाबाईंना वाटायचं मला सुईनं रक्तच टोचतात. आधी रोज, मग आठवड्याला, आणि आता जन्मभर महिन्याला एक. थोड्याच दिवसांत जिभेची आग कमी झाली. भूक लागायला लागली. चेहऱ्यावरचा पिवळेपणा गेला. पायांना मात्र कशाचाच पत्ता नव्हता.

मला सांभाळलं ते गायकवाड सिस्टरांनी. त्यांचं बोलणं तुटक, हात मऊ. खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं, चक्कर येत नाही ना बघायचं, मगच उभं राहायचं. एकटीनं मोरीत जायचं नाही. तोंड आलंय तोवर तिखट बंद, कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या, मऊ भात. पाय शेकायचे नाहीत. पाणी कोमट आहे का, ते दुसऱ्याला विचारायचं. अनवाणी फिरायचं नाही, आणि संध्याकाळी पाय धुतले की तळवे डोळ्यांनी तपासायचे.

"तळव्याला तळव्याचं कळत नाय ना, मग तुमच्या डोळ्यांना कळलं पायजे," त्या म्हणायच्या. मी हातातल्या आरशात तळवा बघत असे. स्वतःचा पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघायचा, हे फार विचित्र वाटतं. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

विहीणबाई

वैशालीच्या सासूबाई कन्नडहून जीपनं मला बघायला आल्या. सफरचंदं आणली, चौकशी केली, आणि पदर सावरून म्हणाल्या, "वैशालीचं आम्ही तिकडंच करतो, विहीणबाई. राग मानू नका. तुमच्या पायावर लेकरू द्यायचं म्हंजी... पाणी कढत का कोमट ते तुम्हाला उमजायचं नाय. इपरीत काय झालं तर?"

हे तिथंच बसले होते. जमिनीकडं बघत राहिले. मी म्हटलं, "बघू."

त्या गेल्यावर मी सफरचंदाची पिशवी भिंतीवर फेकून मारली. बाई खरं बोलली होती, म्हणून राग जास्त आला. आजार सुरू झाल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी धडधडीत वाटलं, ते हे. मग रडू फुटलं ते थांबेना. जनाबाई घरंगळलेली सफरचंदं काठीनं गोळा करत म्हणाल्या, "रड बाई, रड. फळांवर कशाला राग?"

चहा

घरी आले तरी दुधावरून भांडण चालूच. वैशालीनं शेजारच्या फोनवर बजावलं, "आई, तू दूध पीत नसशील तर मी येत नाही. सासूबाई म्हणतात तेच खरं." हे देवळातल्या महाराजांना विचारून आले. आजारपणात दोष नाही, असं महाराज म्हणाले. "मी महाराजांपुढं नाही सोडलं," मी म्हटलं. माझा नियम मी रागात धरलेला असला तरी तो माझा होता. पाय गेले, हात गेले, आता तेवढा एकच उरलाय असं मला वाटत होतं.

शेवटी एका सकाळी ह्यांनी स्वतः चहा केला. जन्मात पहिल्यांदा. अर्धा उतू घालवला, साखर दुप्पट टाकली, आणि कपबशी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तू तुझं दूध घे. मी माझा फणस सोडलेलाच ठेवतो. एका घरात एकानं पाळलं तरी पुरे."

मला हसू आवरेना. हसता हसताच प्यायले. इतक्या वर्षांनी दूध पोटात गेलं आणि जिभेला काही म्हणता काही कळलं नाही. चव नाही, आनंद नाही, पाप लागल्याची भीतीही नाही. कप विसळून ठेवला. त्या दिवशी वैशालीला निरोप गेला आणि ती आठव्या महिन्यात माहेरी आली.

पाट

मुलगी झाली. तोवर माझ्या हाताची बोटं बरीचशी परत आली होती, नुसती टोकं जाड राहिली होती. पायांचं मला कळत नव्हतं. पहिले दिवस सुईणीनं न्हाऊ घातलं. मग विहीणबाई नात बघायला आल्या आणि नेमकी त्याच दिवशी सुईण आली नाही.

वैशालीनं पाट मांडला. "आई, बस."

"पाणी?"

"मी बघते पाणी. तू बस."

मी भिंतीला टेकून पाय लांब केले. वैशालीनं बाळाला माझ्या नडग्यांवर निजवलं. विहीणबाई न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. मी तेल लावायला लागले. बाळाच्या पाठीचं वजन नडगीवर आहे का नाही, हे मी डोळ्यांनी बघत होते.

तेल पोटापर्यंत आलं आणि पोरगी मुतली.

"अगं आई! थांब, पुसते," वैशाली फडकं घेऊन वाकली.

"थांब," मी ओरडले. "पुसू नको!"

ऊन पाणी नडगीवर पडलं होतं आणि ते मला कळलं होतं. ते ओघळत खाली निघालं, तेही कळत गेलं. घोट्यापर्यंत कळलं. घोट्याच्या खाली ते कुठं गेलं, मला ठाऊक नाही. बघितलं तर पावलं भिजलेली होती.

विहीणबाई आत आल्या. "उमजलं का काय तुम्हाला?"

"घोट्यापर्यंत," मी म्हटलं.

त्यांनी पदर खोचला, बादलीत स्वतःचा हात मनगटापर्यंत बुडवला, थोडं गार पाणी ओतलं, परत बुडवला. मग तांब्या भरून माझ्या हातात दिला.

"घाला," म्हणाल्या.

मी घातलं.